इंग्लंडहून सोलापूरला घरसामान : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

लेस्टरमधला नऊ वर्षांचा संसार आवरून आम्ही 24 मार्च 2024 रोजी कायमचे सोलापूरला परतलो. घरसामान समुद्रमार्गे आणण्याचे काम ज्या इंग्लिश कंपनीला दिले, तिचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तिच्याशी चाललेल्या वादाचा एक धागा अजून सुटायचा आहे. व्यवहाराचा तपशील सांगायला मात्र हरकत नाही. सामान घरी येऊन आता नऊ महिने झाले, बिले, परतावे आणि पत्रव्यवहार यांची जाड फाईल तयार झाली, त्यामुळे त्रागा न करता लिहिता येईल असे वाटते. निघण्यापूर्वी भेटेल त्याने आम्हाला धाक घातला होता तो कस्टमचा. प्रत्यक्षात कस्टमला आम्ही 16,170 रुपये भरले, आणि त्या रकमेची पावती व हिशेब दोन्ही मिळाले. खरा पैसा गेला तो बंदर ते घर या वाटेवर, आणि त्यातला बराचसा ‘कस्टमचे असेच असते’ या एका वाक्याच्या आडून.

पूर्ण कंटेनर घेण्याइतके आमचे सामान नव्हते. वीस फुटी कंटेनरचे आतले आकारमान साधारण 33 घनमीटर असते, आणि कंपनीच्या माणसाने मोबाइलवरून आमच्या खोल्या पाहून अंदाज दिला 11 घनमीटरचा. म्हणून अनेक कुटुंबांचे सामान एकाच कंटेनरमध्ये भरण्याचा, त्या धंद्यात ज्याला ग्रुपेज म्हणतात तो प्रकार आम्ही निवडला. दर घनमीटरला 160 पौंड, म्हणजे एकूण 1,760 पौंड, ‘डोअर टू डोअर’, विमा वेगळा. दूरचित्रवाणी संच, डिशवॉशर आणि 300 लिटरपेक्षा मोठा फ्रिज यांची बॅगेज नियमांत, म्हणजे प्रवाशाच्या सामानाबद्दलच्या कस्टमच्या नियमांत, वेगळी यादी होती हे आधीच वाचले असल्यामुळे या तीनही वस्तू तिथेच विकल्या, आणि त्याचा आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

9 मार्चला दोन माणसे आली आणि सहा तासांत त्यांनी 64 पेट्या बांधल्या. बांधणीबद्दल माझी काहीही तक्रार नाही; काचेच्या प्रत्येक भांड्याला तीन वेढे कागद, प्रत्येक पेटीवर क्रमांक, आणि त्या क्रमांकांची यादी जागच्या जागी हातात. कुरबुर सुरू झाली ती आम्ही निघण्याच्या चार दिवस आधी, जेव्हा गोदामात माल 13.6 घनमीटर भरल्याचा आणि 416 पौंड वाढीव भरण्याचा निरोप आला. मी पेटीवार मापांचा तक्ता मागितला. तो यायला तब्बल पाच आठवडे लागले, आणि आला तेव्हा त्यात जेवणाचे टेबल एकदा अखंड व एकदा सुटे करून असे दोनदा मोजलेले दिसले; शिवाय बांधणीच्या दिवशी शेजाऱ्यांना देऊन टाकलेले एक कपाटही त्यात होते, जे ट्रकमध्ये चढलेच नव्हते. हे सगळे दाखवून दिल्यावर कंपनीने माप 12.1 वर आणले आणि वाढीव रक्कम 176 पौंड झाली. परंतु ही मान्यता आली 14 जूनला, आणि तोवर कंटेनर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला लागून आठ दिवस झाले होते. या आठ दिवसांनी पुढे काय केले ते ओघाने येईलच.

मध्यंतरी एक धास्ती होती. सोबत न आणलेले सामान आपण भारतात पोहोचल्यापासून एका महिन्याच्या आत परदेशातून रवाना झाले पाहिजे, अशी तेव्हा लागू असलेल्या बॅगेज नियम, 2016 मधली अट होती. मुदत वाढवून घेता येत होती, पण त्यासाठी अधिकाऱ्याची परवानगी लागत होती. ग्रुपेजचा कंटेनर मात्र भरल्याशिवाय निघत नाही, आणि तो केव्हा भरेल हे कंपनी सांगत नाही. आमची महिन्याची मुदत 24 एप्रिलला संपत होती आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवर, तारीख पडली 18 एप्रिलची. त्याच सुमारास 95 पौंडांचा आणखी एक अधिभार आला, तो मी न कुरकुरता भरला. डिसेंबर 2023 पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे बहुतेक मोठ्या कंपन्यांची जहाजे तांबडा समुद्र आणि सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालून येत होती. त्यात दहा ते चौदा दिवस जादा जातात आणि इंधनही जादा जाते, हे उघड होते. जहाज कंपनीने लावलेला अधिभार ग्राहकाने भरावा हे करारात स्पष्ट लिहिले होते, आणि ही रक्कम करारात लिहिलेल्या कारणासाठीच मागितली गेली.

तपासणी 19 जूनला ठरली. आदल्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघून पहाटे कल्याणला उतरले आणि तेथून टॅक्सीने उरणच्या बाजूला कंटेनर फ्रेट स्टेशनवर, म्हणजे बंदरातून आलेले कंटेनर उघडून माल तपासणीसाठी ठेवतात आणि सगळे ज्याला सीएफएस म्हणतात तेथे पोहोचले. पाऊस मी म्हणत होता. सामान माझ्या नावावर असल्यामुळे मूळ पासपोर्ट घेऊन मीच हजर राहणे भाग होते. सलग दोन वर्षे किंवा अधिक काळ परदेशात राहून कायमचे परतणाऱ्यास त्या वेळच्या नियमांप्रमाणे पाच लाख रुपयांपर्यंतचे वापरलेले घरसामान शुल्कमुक्त आणता येत होते, मात्र शेवटच्या दोन वर्षांत भारतातला एकूण मुक्काम सहा महिन्यांहून अधिक नसावा आणि मागच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी. सासूबाईंच्या आजारपणामुळे माझ्या त्या दोन वर्षांत तीन फेऱ्या झाल्या होत्या. अधिकाऱ्यांनी पासपोर्टवरचा एकेक शिक्का पेन्सिलीने कोऱ्या कागदावर उतरवला, बेरीज 151 दिवस आली, तेव्हाच त्यांनी पुढची फाईल उघडली. त्या दहा मिनिटांत माझ्या तोंडाला कोरड पडली होती हे कबूल करते.

चौसष्टपैकी सहा पेट्या उघडल्या. त्यांपैकी एकीत, लग्नानंतर जाताना इथूनच नेलेल्या चार सोलापुरी चादरी निघाल्या, ज्यांची नोंद कंपनीच्या यादीत ‘बेडस्प्रेड, चार नग, ऐंशी पौंड’ अशी झाली होती. अधिकारी हसून म्हणाले, “मॅडम, सोलापूरची चादर सोलापूरला आयात करताय?” हसण्यावारी गेले खरे, पण या ऐंशी पौंडांच्या मागेच आमची मुख्य चूक लपली होती. विम्यासाठी जी यादी भरतात तीत प्रत्येक वस्तू आज नवी घ्यायची झाल्यास काय पडेल ती किंमत लिहायची असते. आमची ती बेरीज 6,000 पौंड, म्हणजे सव्वासहा लाखांच्या वर होती. कस्टमच्या घोषणापत्रात मी वापरलेल्या वस्तूंची किंमत धरून 3,90,000 रुपये लिहिले होते. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये, आणि दोहोंतला फरक कोठेही समजावलेला नाही. कंपनीने याची सूचना दिली नाही, तिच्या वतीने इथे माल सोडवणाऱ्या एजंटनेही नाही. खरेदीची वर्षे सांगून, घसारा मांडून शेवटी किंमत 5,42,000 ठरली. पाच लाखांवरच्या 42,000 रुपयांवर 35% शुल्क आणि त्या शुल्कावर 10% समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण 38.5%, मिळून 16,170 रुपये. खरेदीचे वर्ष लिहिलेली तिसरी यादी मी आधीच सोबत जोडली असती तर बहुधा हेही वाचले असते, त्यामुळे या रकमेचा दोष मी कोणावर टाकत नाही.

एजंटचे बिल मात्र वेगळ्या जातीचे होते. पहिल्या बिलात 96,200 रुपये होते आणि त्यात ‘कस्टम खर्च 9,500’ अशी एक ओळ होती. कस्टमची पावती तर माझ्याच हातात होती, म्हणून या ओळीची पावती मी लेखी मागितली. दुसऱ्या दिवशीच्या सुधारित बिलातून ती ओळ नाहीशी झाली आणि बेरीज 86,700 वर आली. त्यातले 41,200 रुपये बंदरावरील हाताळणी आणि कंटेनर रिकामा करण्याचे, जे ‘डोअर टू डोअर’ दरात धरलेले असल्याचे कंपनीच्या ईमेलमध्ये लिहिलेले होते. 27,540 रुपये सीएफएसचे भाडे. आता ते आठ दिवस आठवा : मापाचा वाद मिटेपर्यंत माल सोडू नका असा निरोप इंग्लंडहून एजंटला होता, त्यामुळे डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल ताब्यात देण्याची चिठ्ठी, अडली, माल ठेवण्याचे मोफत दिवस संपले आणि भाड्याचे मीटर सुरू झाले. थकबाकी असेपर्यंत माल अडवण्याचा हक्क कंपनीला करारानेच दिलेला असतो, तो मला अमान्य नाही. परंतु मोजणीची चूक कंपनीची, तक्ता पाठवायला पाच आठवडे लावले कंपनीने, आणि भाडे मात्र माझ्या माथी, हे कोणत्या न्यायात बसते? उरलेले 17,960 रुपये कागदपत्रे, क्लिअरन्स आणि लोडिंग यांचे होते, ते योग्य वाटले.

तेथे अडून बसण्यात अर्थ नव्हता, कारण आपण भांडत असतो त्या दिवसाचेही भाडे चढतच असते. मी पूर्ण रक्कम बँकेतून भरली आणि त्याच दिवशी कंपनी आणि एजंट दोघांनाही ईमेल केला की 41,200 व 27,540 या रकमा हरकत नोंदवून, केवळ माल सुटावा म्हणून भरत आहे. पुढे सगळे या एका ईमेलवर उभे राहिले. कंपनी ज्या व्यावसायिक संघटनेची सदस्य आहे तिच्या तक्रार निवारण व्यवस्थेकडे ऑगस्टमध्ये अर्ज केला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये 41,200 रुपये पूर्ण आणि भाड्यातले निम्मे, म्हणजे 13,770 रुपये परत आले.

ट्रक 24 जूनला संध्याकाळी सोलापुरात आला. बाळीवेशीजवळच्या आमच्या गल्लीत तो शिरणे शक्यच नव्हते, आणि करारातले ‘डोअर’ ट्रक जेथवर जाईल तेथवरच असते हे तेव्हा कळले. दोन ‘छोटा हत्ती’ टेम्पो आणि चार हमाल यांचे 3,500 रुपये जागेवर दिले. अंधार पडत होता, चालक “ताई, सही करा, मला रात्रीच परत निघायचंय” म्हणून मागे लागला होता, आणि त्याच्या कागदावर चौसष्टही क्रमांकांपुढे आधीच टिचक्या मारलेल्या होत्या. यजमान दारात उभे राहून मोजत होते, त्यांची मोजणी 63 वर थांबली. मी सहीच्या वर लिहिले : ‘पेट्या न उघडता स्वीकारल्या, क्रमांक 41 मिळाली नाही’, आणि त्या कागदाचा फोटो काढला.

विम्याचा अनुभव संमिश्र म्हणावा लागेल. हप्ता 3% म्हणजे 180 पौंड होता. ड्रेसिंग टेबलचा आरसा तडकला होता. ती पेटी कंपनीने बांधलेली असल्यामुळे 190 पौंडांच्या दाव्यातून ग्राहकाने सोसायचे म्हणून ठरलेले 50 वजा जाऊन 140 पौंड मिळाले. मी स्वतः बांधलेल्या एकमेव पेटीतल्या सहा बश्या फुटल्या, त्यांचे काही मिळाले नाही, कारण मालकाने बांधलेल्या पेटीतली मोडतोड विम्यात धरलीच जात नाही. वरून न दिसणारे नुकसान सागरी वाहतुकीच्या नियमांप्रमाणे तीन दिवसांत लेखी कळवायचे असते, म्हणून त्या दोन रात्री आम्ही झोप बाजूला ठेवून पेट्या उघडल्या. आणलेल्या वस्तूंपैकी लाकडी कपाटे आणि पुस्तके यांचा खर्च वसूल झाला असे वाटते. वॉशिंग मशीन आणले नसते तरी चालले असते. वीज तिथल्यासारखीच 230 व्होल्टची असली तरी त्याचा सुटा भाग इथे मिळत नाही, आणि काही दिवसांआड नळाला येणाऱ्या पाण्यावर त्याचे नखरे परवडत नाहीत.

राहता राहिली पेटी क्रमांक 41. तिच्यात सासूबाईंचे शिलाई मशीन होते, जे त्यांनी मला लग्नात दिले होते. कंपनी त्या छापील टिचकीकडे बोट दाखवते, मी टिचकीखालच्या ओळीकडे. वाहतूकदारावर दावा करायला माल मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत असते, तिची शेवटची तारीख 24 जून 2025. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे त्यासाठी मुंबईला किंवा लेस्टरला जावे लागणार नाही. मे 2025 अखेरपर्यंत लेखी उत्तर द्यावे अशी नोटीस मागच्या आठवड्यात पाठवली आहे, आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात द्यायचे कागद क्रमवार लावून ठेवले आहेत. सर्वांत वर त्या संध्याकाळच्या सहीचा फोटो आहे.