घरच्या आर्केडची वायरिंग : आठ महिन्यांच्या मारझोडीनंतर

"काका, मुस्तफा उडी मारत नाहीये!" मे महिन्याच्या सुट्टीत पुतण्याची ही आरोळी दिवसातून चारदा यायची. लहानपणी कोपऱ्यावरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी रुपया-रुपया उडवलाय, त्यांना मुस्तफा कोण हे सांगायला नको. कॅपकॉमच्या १९९३च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ या गेममधला तो एक नायक. त्या गेमला बटणं दोनच लागतात, एक मारायचं, एक उडीचं. त्यातलं एक रुसलं की खेळ आटोपला.

हे गेमचं मशीन मी घरीच दिवाळीत उभं केलं. आत रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यावर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय, वर ऑफिसातून भंगारात निघालेला मॉनिटर. दोन खेळाडू, प्रत्येकाला एक जॉयस्टिक, सहा बटणं, शिवाय स्टार्ट आणि कॉइन. स्विच आणि रास्पबेरी पाय यांच्या मध्ये प्रत्येकी एक ‘झीरो डिले’ यूएसबी एन्कोडर बोर्ड, म्हणजे बटण दाबल्याचं संगणकाला कळवणारं सर्किट. त्या ‘झीरो’चा शब्दशः अर्थ घेऊ नका, पण माझ्या हाताला तरी उशीर जाणवलेला नाही. जुन्या कीबोर्डचं सर्किट काढून जोडायचा विचार आधी होता. तो सोडला ते बरं झालं, कारण कीबोर्डच्या कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत (मॅट्रिक्समध्ये) जोडलेल्या असतात, तिथे तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी हरवते, आणि दोन पोरं भिडली की आठ-दहा कळा सहज दाबलेल्या असतात.

बोर्डाबरोबर आलेल्या तयार वायरी पाहून हायसं वाटलं होतं. ते फार टिकलं नाही. पॅनल १८ मिलिमीटरच्या एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचं), म्हणून लांब आट्यांची, मागून नट आवळायची बटणं घेतली होती. त्यांच्या आतल्या मायक्रोस्विचची पाती (वायर जोडायच्या पट्ट्या) ४.८ मिलिमीटरची, आणि वायरींची थिंबलं, म्हणजे पातीवर बसणारी धातूची टोकं, २.८ची. जाईनातच. मग थिंबलं कापली आणि पंचवीसेक नवी स्वतः दाबली. साध्या पकडीने. ही माझी चूक.

जोडताना इतरही गोंधळ घातले. मायक्रोस्विचला तीन पाती असतात: कॉम (सामाईक), एनओ (दाबल्यावर जुळणारं) आणि एनसी (न दाबताच जुळलेलं). एका बटणाची वायर एनसीवर बसली आणि स्टार्ट सतत दाबलेलंच राहिलं. जॉयस्टिक उलटी चालली तेव्हा आधी बोर्डाला शिव्या घातल्या. दांडा मध्ये टेकलेला असतो, त्यामुळे वर ढकलला की खालचा स्विच दबतो, हे उशिरा लक्षात आलं. आणि बोर्डावरच्या ‘मोड’च्या जागी चुकूनही बटण लावू नका. मी कॉइनचं लावलं होतं, नाणं टाकलं की दिशाच गायब!

दोन्ही बोर्ड एकाच जातीचे असल्याने सुरुवातीला दर दोन-तीन रीस्टार्टला पहिला खेळाडू दुसरा व्हायचा. यूएसबी पोर्टनुसार बोर्डांना नावं देणारा एक युडेव्ह नियम (लिनक्समधली एक सेटिंग) लिहिला, तेव्हापासून भांडण मिटलं.

आता उडीच्या बटणाचं. स्विच गेला असं समजून पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पाच नवे आणले. पॅनल आठ स्क्रूंनी आवळलेलं, ते उघडलं. उघडलं की बटण चालू, बंद केलं की बंद! मल्टिमीटर बीपवर (जोड अखंड असला की वाजतो) लावून वायर हलवत गेलो, तर एका थिंबलपाशी बीप तुटायची. थिंबल कापून पाहिलं. पकडीने तांब्याच्या तारा दाबल्याच नव्हत्या, वरचं प्लास्टिकचं आवरण तेवढं दाबलं होतं. तारांचे दोनच केस कुठेतरी टेकत होते आणि त्यांच्यावर हिरवट थर चढू लागला होता. पॅनल मिटताना वायर थोडी ओढली जायची आणि तेही सुटायचे.

मग सगळंच नव्याने केलं. थिंबलं दाबायची, म्हणजे क्रिम्पिंगची, रॅचेटवाली पक्कड घेतली, २२ गेजची वायर वापरली, आणि प्रत्येक थिंबल दाबल्यावर जोरात ओढून पाहिलं. निघालं तर पुन्हा. प्रत्येक बटणाची वेगळी ग्राउंड वायर (सगळ्या बटणांची सामाईक बाजू) काढून एकाच वायरची साखळी केली. साखळी मध्ये तुटली की पुढची सगळी बटणं मरतात, म्हणून तिचं शेवटचं टोक परत बोर्डाच्या ग्राउंडला आणून कडं पूर्ण केलं. आता एक जोड सुटला तरी खेळ थांबत नाही. अर्थात सुटलेला जोड त्यामुळे लपूनही राहतो, म्हणून महिन्यातून एकदा मीटर फिरवतो. पॅनलला बिजागऱ्या लावल्या आणि वायरींना वीतभर ढील ठेवली. हे दिवाळीतच करायला हवं होतं, पण तेव्हा पोरांना पाडव्याला खेळायचं होतं.

आता आषाढ चालू आहे, हवा दमट आहे आणि एमडीएफचा खालचा कोपरा किंचित फुगलाय. बटणं मात्र सगळी चालतात. त्या दिवशी आणलेले पाचही मायक्रोस्विच ड्रॉवरमध्ये पडून आहेत. मुस्तफाच्या उडीचा स्विच अजून मूळचाच आहे.