२०१८ चे थरारपट: कोणते बघावेत आणि कसे बघावेत

थरारपट जमला की फसला, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं: कोणती माहिती कोणाला, किती आणि कधी द्यायची हे पटकथेला कळलंय का. खुनी कोण हे शेवटपर्यंत दडवून ठेवणं त्यामानाने सोपं. प्रेक्षकाच्या हातात सगळे पत्ते देऊनही त्याचा श्वास रोखून धरणं, ही खरी कसोटी. २०१८ साली निरनिराळ्या भाषांत ही कसोटी फार चांगली पार पडली. खालचे सगळे चित्रपट रहस्य न फोडता सांगितले आहेत.

सुरुवात श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन'पासूनच करावी. ५ ऑक्टोबर २०१८ ला प्रदर्शित झालेला, पुण्यात घडणारा हा चित्रपट एका फ्रेंच लघुपटाच्या कल्पनेवर उभा आहे. आंधळेपणाचं सोंग घेणारा पियानोवादक आकाश (आयुष्मान खुराना) एका फ्लॅटमध्ये वाजवायला जातो आणि तिथे त्याला मृतदेह दिसतो. पुढची काही मिनिटं नीट बघा. आकाशला सगळं दिसतंय, पण चेहरा कोरा ठेवून बोटं चालू ठेवायची आहेत. खोलीतल्या इतरांना तो आंधळा वाटतोय, तरी त्याला ऐकू येतंच, म्हणून ते आवाज न करता खाणाखुणांनी आवराआवर करतात. संवाद जवळपास नाहीतच. पियानो थांबत नाही आणि सगळा प्रसंग त्याच्याच लयीवर कापलेला आहे. संकलक पूजा लढा सुरती पटकथालेखनातही सहभागी होत्या, ते इथे जाणवतं. तब्बूची सिमी तर अशी आहे की तिची भीतीही वाटते आणि तिचं पुढचं पाऊल बघायची उत्सुकताही सुटत नाही.

उत्तरार्धात डॉक्टरचं उपकथानक येतं तेव्हा योगायोग जरा जास्त होतात आणि पकड थोडी सैल पडते. पण शेवट ती परत आवळतो. एक मात्र सांभाळा: कोबीच्या शेतातला सशाचा पहिला प्रसंग चुकवू नका. तो चुकला तर शेवटाचा अर्धा अर्थ हातातून जातो. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला, तो अगदी योग्यच.

'अंधाधुन' प्रेक्षकाला सगळं दाखवतो, तर डॅनिश 'द गिल्टी' काहीच दाखवत नाही. दिग्दर्शक गुस्ताव मोलर यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, अवघा ८५ मिनिटांचा. प्रत्यक्ष बंदोबस्तावरून काढून आपत्कालीन फोन घेण्याच्या कामावर बसवलेला पोलीस आस्गर होल्म, त्याच्या कानावरचा हेडसेट आणि एक फोन. पलीकडची बाई आपल्या लहान मुलीशी बोलत असल्यासारखं बोलते. तिच्या शेजारी कोणीतरी आहे, त्यामुळे मोकळेपणाने बोलता येत नाही, हे आस्गर ओळखतो आणि तिला फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल असे प्रश्न विचारू लागतो. कॅमेरा त्या कार्यालयाबाहेर पडतच नाही. गाडी, रस्ता, पाऊस हे सगळं आपण आवाजावरून मनात रचतो आणि आस्गरबरोबर निष्कर्षही काढून मोकळे होतो. चित्रपटाची ताकद तिथेच आहे. टीव्हीच्या स्पीकरवर यातलं निम्मं हरवतं, तेव्हा चांगले हेडफोन लावा आणि मध्ये थांबवू नका. २०२१ मध्ये याची हॉलिवूड आवृत्ती आली. ती आधी बघून मूळ चित्रपटाची मजा घालवू नका.

अनीश चगंटी यांचा 'सर्चिंग' पूर्णपणे संगणक आणि फोनच्या पडद्यांवर घडतो. बेपत्ता मुलीचा बाप (जॉन चो) तिच्या लॅपटॉपमधून माग काढत जातो. चित्रीकरण १३ दिवसांत उरकलं, संकलनाला मात्र वर्षाहून जास्त काळ लागला. इथे अभिनय टायपिंगमध्येही आहे. सुरुवातीला बाप मुलीला निरोप लिहितो, त्यात तिच्या दिवंगत आईचा उल्लेख करतो, थांबतो आणि तेवढं वाक्य खोडून बाकीचं पाठवतो. दोघांमध्ये काय न बोललेलं राहिलंय ते एका ओळीत कळतं. पुढचे धागेदोरे खिडक्यांच्या कोपऱ्यांत, बारीक अक्षरांत पडलेले असतात, त्यामुळे हा फोनवर बघण्यात अर्थ नाही.

मराठीत त्या वर्षी सतीश राजवाडे यांचा 'आपला माणूस' आला, डॉ. विवेक बेळे यांच्या 'काटकोन त्रिकोण' नाटकावरून. वृद्ध वडील बाल्कनीतून पडतात. अपघात, आत्महत्या की खून, याचा छडा लावायला आलेला इन्स्पेक्टर नागरगोजे (नाना पाटेकर) मुलगा-सुनेला फैलावर घेतो. तीच घटना दर वेळी वेगळ्या बाजूने मांडली जाते आणि आपला संशय या माणसावरून त्या माणसावर सरकत राहतो. नाटकाचा ठसा काही पुसलेला नाही. संवाद भरपूर आहेत आणि काही ठिकाणी मुद्दा दोनदा समजावला जातो. तरी चौकशीची जुगलबंदी खणखणीत आहे. सुमीत राघवन आणि इरावती हर्षे नानांपुढे कुठेही कमी पडत नाहीत.

मल्याळम 'जोसेफ'चा पूर्वार्ध संथ आहे, पण तो सोडून पुढे पळवू नका. निवृत्त पोलिसाच्या भूमिकेत जोजू जॉर्ज अप्रतिम आहे आणि लेखक शाही कबीर स्वतः पोलीस खात्यातले, त्यामुळे घटनास्थळाचं निरीक्षण कुठेही सिनेमाछाप वाटत नाही.

राहिला तमिळ 'राक्षसन', जो 'अंधाधुन'च्याच दिवशी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक व्हायचं स्वप्न बाजूला ठेवून पोलिसात आलेला अरुण (विष्णू विशाल) शाळकरी मुलींच्या खुन्यामागे लागतो. लांबी अडीच तासांच्या वर, पण गिब्रान यांचं पार्श्वसंगीत क्षणभर बसू देत नाही. खुन्याची पार्श्वकथा मात्र उगाच ताणली आहे आणि ती सांगण्याची पद्धत मला खटकते. मुलांवरच्या अत्याचाराचे प्रसंग अंगावर येतात, त्यामुळे घरात लहान मुलं असताना हा लावू नये. 'कठपुतली' हा त्याचा हिंदी रिमेक २०२२ चा. निवड करायची असेल तर मूळ तमिळच, सबटायटल्ससह.