एकाच बोर्डवर दोन वेगळे रॅम किट: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

रत्नागिरीत माझे काम हापूसच्या बागांची ड्रोनने टिपलेली छायाचित्रे जोडून नकाशे तयार करण्याचे आहे, आणि बाग मोठी असली की १६ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) भरून संगणक त्याहून हळू असलेल्या एसएसडी साठवणीवर भार टाकू लागतो. राइझन ५ ३६०० प्रोसेसरच्या या संगणकात डीडीआर४ ३२०० सीएल१६ चे दोन पट्ट्यांचे किट होते (३२०० हा वेग, सीएल म्हणजे रॅम उत्तर देण्याआधी किती ठोके जातात तो आकडा). तसेच दुसरे येथे मिळेना, म्हणून दुसऱ्या कंपनीचे तेवढ्याच क्षमतेचे २६६६ सीएल१९ किट जोडले.

स्लॉटचा क्रम महत्त्वाचा आहे. एका किटच्या पट्ट्या ए२ आणि बी२ मध्ये, तर दुसऱ्याच्या ए१ आणि बी१ मध्ये बसवल्या, की ए आणि बी या दोन्ही चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या मार्गांवर, सारखीच रॅम येते.

बायोस (बोर्डची मूळ मांडणी सांभाळणारा प्रोग्राम) ‘ऑटो’वर ठेवल्यावर मात्र चारही पट्ट्या २४०० वर, म्हणजे हळू किटच्याही खाली धावू लागल्या. याचे कारण असे, की वेगवान किटचा ३२०० हा आकडा एक्सएमपी प्रोफाइलमध्ये (पट्टीतच साठवलेल्या जलद मांडणीत) नोंदलेला असतो आणि ते प्रोफाइल १.३५ व्होल्ट मागते, १.२ व्होल्टच्या साध्या तक्त्यात माझ्या किटची मजल २४०० पर्यंतच आहे. बोर्ड दोघांनाही मान्य असलेला वेग निवडतो, त्यामुळे येथे अडसर महागड्या किटचाच झाला. हाताने २६६६ आणि १९-१९-१९-४३ ही टायमिंग (विलंबाचे आकडे) दिल्यावर तो सुटला.

२९३३ वर विंडोज निमूट सुरू झाले, पण रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट ८६ प्लस या प्रोग्रामने रात्रभरात त्रुटी दाखवल्या. विंडोज उघडले म्हणून रॅम स्थिर आहे असे मानू नये. नकाशा जोडताना एखादा बिट उलटला तर तो निकालात शांतपणे बिघाड करतो. उष्णतेने अशा त्रुटी वाढतात, म्हणून २६६६ वरची चाचणी मी मे महिन्यात, खोलीतला पंखा बंद ठेवून पुन्हा घेतली आणि ती निर्दोष निघाली.

कागदावर तोटा खरा आहे: दोन चॅनेलची कमाल क्षमता सेकंदाला ५१.२ वरून सुमारे ४२.७ जीबीवर येते आणि सीएलचा विलंब १० वरून १४ नॅनोसेकंदांच्या पुढे जातो. राइझनमध्ये इन्फिनिटी फॅब्रिकचा (प्रोसेसरच्या आतील भाग जोडणाऱ्या दुव्याचा) वेगही रॅमशी बांधलेला असल्याने खेळांमध्ये हे जाणवेल. माझ्या कामात जाणवले नाही, कारण ३२ जीबीमुळे एसएसडीकडे धाव घेणेच जवळजवळ थांबले.

पावसाळ्यात येथे वीज तासन्‌तास जाते, आणि बोर्डवरील सीआर२०३२ सेल थकलेला असेल तर बायोस आपली मांडणी विसरून गुपचूप २४०० वर परततो. बिघाड काहीच दिसत नाही, म्हणून मोठ्या खंडानंतर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग पाहून घेतो.

नव्याने संगणक जुळवणाऱ्याने मात्र ३२ जीबीचे एकच किट घ्यावे. त्याच नावाचे दुसरे किट नंतर घेतले, तरी आत त्याच चिप असतील अशी हमी कंपन्या सहसा देत नाहीत. त्या एकत्र तपासतात ते एका पाकिटातल्या पट्ट्यांना.