ड्राफ्टला नाव द्यावं की कॉलेजात आणखी एक वर्ष काढावं?

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिचे संघ दरवर्षी क्रमाने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया. २०२१ साली कॉलेजात खेळायची मुदत शिल्लक असताना या ड्राफ्टसाठी नाव देणारे खेळाडू साडेतीनशेच्या वर होते. २०२५ मध्ये उरले १०६. कोविडमुळे सगळ्यांना एक जादा वर्ष मिळालं होतं, त्याने २०२१ चा आकडा फुगला हे खरं. पण मोठं कारण पैसा आहे. १ जुलै २०२१ पासून अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची मुभा मिळाली. जुलै २०२५ पासून तर कॉलेजं आपल्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देऊ लागली. ‘घरची ओढाताण आहे, म्हणून शिक्षण सोडतो’ हे जुनं कारण त्यामुळे बरंच मागे पडलं. आता पैसा दोन्हीकडे आहे, आणि निवड आधीपेक्षा अवघड झाली आहे.

दुसरं किंवा तिसरं वर्ष संपवलेला खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून बोलू. माझ्या मते त्याने सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासावी: ड्राफ्टमध्ये आपण पहिल्या फेरीत जाणार की दुसऱ्या? बाकी सगळं त्यानंतर.

पहिली फेरी: जा

पहिल्या फेरीत ३० संघांच्या मिळून ३० जागा. इथे निवड झाली की पगार क्रमांकानुसार ठरलेला असतो, पहिली दोन वर्षं पक्की असतात आणि तिसरं-चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर असतं. अगदी ३०व्या क्रमांकालाही पहिल्या वर्षी साधारण २५ लाख डॉलरच्या वर मिळतात. वरच्या कॉलेजांतही आता दहा-वीस लाख डॉलरचे करार नवलाचे राहिलेले नाहीत, म्हणजे निव्वळ पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला तर फरक तितका मोठा वाटत नाही. इथेच अनेक घरांत हिशेब चुकतो.

खरी कमाई दुसऱ्या करारात असते. पहिल्या चार वर्षांत तुम्ही कितीही चांगले खेळा, पगार ड्राफ्टच्या क्रमांकाचाच. बाजारभाव ठरतो त्यानंतर. १९व्या वर्षी गेलेला मुलगा २३व्या वर्षी दुसऱ्या कराराला बसतो आणि २७-२८व्या वर्षी, ऐन भरात, तिसऱ्याला. २२व्या वर्षी गेलेला दुसऱ्या कराराला २६ चा असतो आणि तिसऱ्याला तिशी ओलांडलेला. कॉलेजात काढलेलं वर्ष कारकिर्दीच्या सुरुवातीचं वाटतं, पण ते वजा होतं सगळ्यात महागड्या वर्षांतून. शिवाय २२ वर्षांच्या खेळाडूत आता वाढायला फार वाव नाही असं संघ धरून चालतात.

दुखापतीचा धोकाही याच बाजूला झुकतो. मायकल पोर्टर ज्युनियर २०१७ मध्ये मिझुरी विद्यापीठात आला तेव्हा ड्राफ्टमध्ये अगदी वरच्या क्रमांकांवर त्याचं नाव घेतलं जात होतं. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे तो जेमतेम तीन सामने खेळला. तरीही त्याने नाव दिलं आणि १४व्या क्रमांकावर का होईना, पहिल्या फेरीत गेला. आणखी एक वर्ष कॉलेजात काढून पाठीने पुन्हा दगा दिला असता, तर तेवढंही हाती लागलं नसतं.

दुसरी फेरी: बहुतेकांनी थांबावं

दुसऱ्या फेरीत असा पक्का करार नसतो. अनेकांच्या वाट्याला टू-वे करार येतो, म्हणजे मुख्य संघ आणि जी लीग (एनबीएचीच खालच्या पातळीची लीग) यांच्यात ये-जा. त्याचा पगार नवोदिताच्या किमान पगाराच्या निम्मा, २०२५-२६ मध्ये सुमारे ६ लाख ३६ हजार डॉलर. नुसती जी लीग खेळली तर हंगामाला चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर. चांगल्या कॉलेजातल्या पहिल्या पाचातल्या खेळाडूला हल्ली याहून कितीतरी जास्त मिळू शकतं.

दुसऱ्या फेरीचं नाव काढलं की कोणीतरी जेलन ब्रन्सनचं उदाहरण देतोच. २०१८ मध्ये ३३वा निवडला गेला आणि पुढे न्यूयॉर्कचा कणा झाला. पण व्हिलानोव्हा कॉलेजकडून दोन राष्ट्रीय विजेतेपदं आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवून तो आला होता, हे त्या उदाहरणात राहून जातं. दुसरीकडे पंजाबचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२व्या क्रमांकावर निवडला गेला. ड्राफ्ट झालेला तो पहिला भारतीय. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

पण थांबून क्रमांक वर जाईल, या भरवशावर नको

झॅक एडीने २०२३ मध्ये ड्राफ्टमधून नाव मागे घेतलं, पर्ड्यू या आपल्या कॉलेजात परत आला, संघाला २०२४ च्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि नवव्या क्रमांकावर निवडला गेला. हे उदाहरण सगळ्यांना आवडतं. ऑस्कर शिब्वे २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, केंटकीत आणखी एक वर्ष थांबला आणि २०२३ मध्ये त्याला कोणीच घेतलं नाही. नॉर्थ कॅरोलिनाचा अर्मांडो बेकॉट पाच वर्षं खेळला, तरी २०२४ मध्ये तेच झालं. संघांची शंका दमखम, नेमबाजी, बचावातली समज अशी सरावाने सुधारणारी असेल तर थांबण्याला अर्थ आहे. आपल्या जागेच्या मानाने उंची कमी पडते अशी शंका असेल, तर कॉलेजातली आणखी पाचशे रिबाउंड्स (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) ती मिटवत नाहीत. मग थांबायचं ते पैशासाठी, पदवीसाठी आणि मार्चमधल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेसाठी. तीही पुरेशी चांगली कारणं आहेत.

पदवीची काळजी आईवडिलांना सगळ्यात जास्त असते आणि मला ती समजते. पण ती वाट बंद होत नाही. एनबीएचा तारा स्टीफन करीने २००९ मध्ये डेव्हिडसन कॉलेज सोडलं आणि २०२२ मध्ये पदवी पूर्ण केली.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाचं गणित मात्र निराळं आहे. त्या व्हिसावर बाहेरच्या कमाईवर कडक बंधनं असतात. कॅनडाच्या एडीलाही ती आड आली, आणि कांगोच्या शिब्वेने संघाच्या बहामा दौऱ्यात, म्हणजे अमेरिकेबाहेर, जाहिरातींची कामं उरकली. सोबतचा अमेरिकन खेळाडू थांबून किती कमावतो यावर आपला हिशेब मांडू नये. तिथेच जन्मलेल्या, नागरिक असलेल्या मराठी घरातल्या मुलांना हा प्रश्न नाही.

तारखा

ड्राफ्टला नाव देणं म्हणजे कॉलेज सोडणं नव्हे. एजंट एनसीएएची (कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेला असेल आणि मेअखेरच्या मुदतीआधी नाव मागे घेतलं, तर कॉलेजात खेळायचा हक्क शाबूत राहतो. मधल्या काळात संघांसमोर सराव करता येतो, बोलावणं आलं तर शिकागोच्या कम्बाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिराला, जाता येतं आणि पहिली फेरी की दुसरी, याचा अंदाजही मागवता येतो. मात्र ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, एप्रिलमध्येच बंद होतं. मेमध्ये परतायचं ठरलं आणि दुसरं कॉलेज हवं असेल, तर पोर्टलमध्ये नाव त्याआधीच गेलेलं असावं लागतं. येक्सेल लेंडेबोर्गने २०२५ मध्ये दोन्हीकडे नाव दिलं होतं. ड्राफ्टमधून माघार घेतली तेव्हा मिशिगनची जागा त्याच्या हातात होती.

मुदतीच्या आदल्या आठवड्यापर्यंत पहिल्या फेरीतल्या निदान दोन-तीन संघांनी खाजगी सरावाला बोलावलं नसेल, तर नाव मागे घ्यावं. त्याआधी कॉलेजकडून पुढच्या वर्षाचा करार लेखी मागावा. प्रशिक्षकाचा तोंडी शब्द पुरेसा नाही, कारण तोही त्याच पोर्टलमधून तुमच्या जागेसाठी दुसरा खेळाडू पाहत असतो.