नॅग्ज हेड की ओक्राकोक? मित्रांच्या आठवड्यासाठी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचे आउटर बँक्स म्हणजे किनाऱ्यासमोर पसरलेली वाळूच्या बेटांची अरुंद माळ. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला उथळ खाडी. नॅग्ज हेड आणि ओक्राकोक ही इथलीच दोन गावं.

नॅग्ज हेडला पुलावरून थेट गाडीने जाता येतं. आठ-दहा जणांचा गट असेल तर इथे समुद्राजवळ मोठं घर मिळतं, स्वयंपाकघरासकट. रात्री दोन वाजता पोहे करायचे तर करा! उन्हाळ्यात मात्र बहुतेक घरं आठवड्याच्या बोलीनेच देतात, म्हणून पैशांचा हिशोब आधीच ठरवा. संध्याकाळी जॉकीज रिजच्या वाळूच्या टेकड्यांवर पतंग उडवायला जा. राइट बंधूंनी 1903 मध्ये विमान उडवलं ती जागाही अगदी जवळ आहे.

ओक्राकोकला पूल नाही, फेरीनेच जावं लागतं. शेजारच्या हॅटरस बेटावरून साधारण तासभर लागतो, वर उन्हाळ्यात रांग. पण गाव एवढंसं की सायकलवर सगळं होतं. 1823 चं दीपगृह अजून उभं आहे, ब्लॅकबियर्ड हा समुद्री चाचा 1718 मध्ये इथल्याच पाण्यात मारला गेला, आणि गावाबाहेरच्या मैलोन्‌मैल किनाऱ्यावर एकही हॉटेल नाही. मला ही शांतता फार मोलाची वाटते.

चार-पाच जणच असाल तर बिनधास्त ओक्राकोक. लहान मुलं बरोबर असतील तर नॅग्ज हेड, आणि पोहायला जीवरक्षक असलेलाच किनारा निवडा. इथले परतीचे प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत ओढतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चक्रीवादळं येतात; 2019 च्या डोरियनने ओक्राकोकच्या घरांत पाणी शिरलं होतं. तेव्हा जूनच बरा.