स्पार्क प्लगच्या जागेचे आटे गेले होते, इंजिनचं हेड न उतरवता काम झालं

कळंबोलीला स्टील मार्केटच्या बाजूला जे लेथवाले आहेत ना, त्यातल्या एकाकडे गेल्या आठवड्यात आमचा सीएनजी ट्रक नेला होता. आधीच्या मेकॅनिकने गरम इंजिनवरच प्लग खोलला आणि नवीन लावताना हाताने न फिरवता थेट पान्याने आवळला, मग काय, ॲल्युमिनियमचं हेड (सिलेंडरवरचं झाकण), तिसऱ्या सिलेंडरचे आटेच गेले. तुर्भ्याच्या पुलावर फुसफुस आवाज, पिकअप शून्य. दोघांनी सांगितलं हेड बदला, खरं सांगतो रात्रभर झोप नाही लागली.

ह्या लेथवाल्या काकांनी आधी पिस्टन खाली घेतला, टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांमध्ये भरपूर ग्रीस भरलं म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो, दोन फेरे मारले की टॅप काढून पुसायचा परत ग्रीस, असं शांतपणे तासभर. मग हवा मारून सिलेंडर साफ केला आणि १४ एमएमचा स्टीलचा बुश (आतून-बाहेरून आटे असलेली नळी) बसवला. त्याआधी मी म्हटलं होतं काका हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसवायची तारेची स्प्रिंग) टाका स्वस्तात होईल, तर म्हणाले "अरे प्लग सारखा काढावा लागतो, ती स्प्रिंग कधीतरी प्लगसोबतच बाहेर येईल, बुशच टाकू." पटलं मला. प्लग इंजिन थंड झाल्यावरच, आधी बोटांनी आणि मग टॉर्क पान्याने २५ न्यूटन-मीटरवर आवळला.

दुपार गेली पण हेड वाचलं, पनवेल-ठाणे चार फेऱ्या झाल्या, आवाज नाही. बसायला जागा नाही तिथे, उन्हात उभं राहावं लागतं, तरी मी तर तिथेच जाणार.