फायबरग्लास की अ‍ॅल्युमिनियम? टेक्ससमध्ये पहिली बास बोट घेताना

मित्राच्या बोटीवर, पेट्रोलचे निम्मे पैसे देऊन, दोन-चार वर्षं फिशिंग केलं, हात बसला आणि आता स्वतःची बास बोट (बास हा गोड्या पाण्यातला मासा, तो पकडायची बोट) हवीशी वाटायला लागली, असे डॅलसकडचे बरेच जण मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत भेटतात. प्रश्न सगळ्यांचा एकच. बजेट पंचवीस हजार डॉलरच्या आगेमागे. तेवढ्यात दहा-बारा वर्षं जुनी वीस फुटी फायबरग्लास येते, आणि सतरा-साडेसतरा फुटी, जवळजवळ नवी अ‍ॅल्युमिनियमही येते. कोणती घ्यावी?

मी दोन्ही वापरल्यात. आधी फायबरग्लास, एका मित्राबरोबर निम्म्या भागीदारीत. त्याची नोकरी दुसऱ्या राज्यात गेली तेव्हा ती विकली आणि मग स्वतःपुरती घेतली ती अ‍ॅल्युमिनियम. म्हणजे मी अगदी तटस्थ आहे असं काही म्हणणार नाही. पण फायबरग्लासचं कौतुक आधी करतो, कारण ते तिला मिळायलाच हवं.

लेक टेक्सोमा सुमारे ८९,००० एकरांचा. एप्रिलमध्ये दक्षिणेचा वारा सुटला की दुपारपर्यंत तिथे तळं राहत नाही, खाडी होते. आमची ती जड बोट असल्या लाटा कापत सरळ जायची, हातातल्या कपातली कॉफी सांडायची नाही असं म्हटलं तर थोडीच अतिशयोक्ती होईल. माझी आताची अ‍ॅल्युमिनियम त्याच लाटांवर आपटत जाते. हलचा, म्हणजे बोटीच्या तळाचा, पुढचा भाग पाण्यावर पडला की दणका आधी टाचेत जाणवतो आणि आवाज नंतर येतो. लॉकरमधले रॉड खडखडतात, शेजारी बसलेला हँडल सोडत नाही. थांबल्यावरही फरक आहेच. फायबरग्लासवर दोघं एका कडेला आले तरी ती फारशी कलत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर मासा लागला की मागच्याला “तू तिकडेच थांब रे” असं ओरडावं लागतं. शिवाय हलकी असल्यामुळे वारा तिला ढकलत नेतो. जीपीएसवर एका जागी धरून ठेवणारी ट्रोलिंग मोटर (बॅटरीवर चालणारी छोटी मोटर) मी अ‍ॅल्युमिनियमवर चैन समजत नाही, ती लागतेच. सुदैवाने हलक्या बोटीला २४ व्होल्टची पुरते. मोठ्या बोटीला ३६ व्होल्टची लागते, म्हणजे एक बॅटरी जास्त.

तेव्हा तुमचा बहुतेक वेळ टेक्सोमासारख्या उघड्या पाण्यावर जाणार असेल, किंवा टूर्नामेंट खेळायच्या असतील, तर पुढचं वाचून मन बदलू नका. फायबरग्लास घ्या.

या दोन जातींमागे दोन वेगळी डोकी आहेत. फॉरेस्ट वुडने १९६८ मध्ये आर्कान्सातल्या फ्लिपिन नावाच्या छोट्या गावात रेंजर बोट्स सुरू केली. वेगात जाणारी, दिसायला देखणी टूर्नामेंटची फायबरग्लास बोट म्हटलं की आजही लोक तेच नाव आधी घेतात. तर बास प्रो शॉप्सच्या जॉनी मॉरिसने १९७८ मध्ये बास ट्रॅकर आणली : अ‍ॅल्युमिनियमची बोट, मोटर आणि ट्रेलर, सगळं मिळून एकच किंमत. शनिवारी दुकानात जा, रविवारी पाण्यावर. गंमत म्हणजे आता रेंजर आणि ट्रॅकर या दोन्हींचा मालक एकच आहे. त्यामुळे दुकानातला विक्रेता तुम्हाला कुठल्या बाजूला ढकलतोय, यावरून कोण चांगलं हे ठरवण्यात अर्थ नाही.

आता लेक फोर्क. आपल्यापैकी बहुतेकांचं मन तिथेच असतं. टेक्ससचा लार्जमाउथ बासचा विक्रम, १८.१८ पौंड, जानेवारी १९९२ मध्ये याच तळ्यातून निघाला आणि तो अजून टिकून आहे. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं तेव्हा बरीचशी झाडं न तोडताच पाणी भरलं. ती आजही पाण्याखाली उभी आहेत, काही पाण्याच्या वर, काही नेमकी दिसणार नाहीत इतकी खाली. सावकाश जातानाही एखादं खोड लागतंच. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो. माझ्या बोटीला उजव्या बाजूला तळहाताएवढा एक आहे, मी त्याच्याकडे बघतही नाही. फायबरग्लासच्या जेलकोटचा, म्हणजे वरच्या चकचकीत थराचा, टवका उडतो, आणि टवका खोल गेला असेल तर तो बुजवून घ्यावा लागतो, नाहीतर आतल्या थराला पाणी लागतं. चकाकणारा, मेटॅलिक फ्लेक असलेला रंग हुबेहूब जुळवणारा कारागीर मिळणं आणि परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी. (मासे घरी आणता की नाही, हे आई दर फोनवर विचारते. फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास सोडूनच द्यावा लागतो, त्यामुळे फ्रीजमध्ये सुरमईच असते, इंडियन ग्रोसरीतली.)

पण माझं पारडं लाटांनी झुकवलं नाही आणि खोडांनीही नाही. झुकवलं ते फाटकाने.

आपण राहतो त्या वसाहतींमध्ये बहुतेक ठिकाणी होमओनर्स असोसिएशनचा नियम असतो : बोट रस्त्यावरून दिसता कामा नये. ड्राइव्हवेवर दोन रात्री ठेवली की घरी पत्र. वीस फुटी फायबरग्लास ट्रेलरसकट चोवीस-पंचवीस फूट होते आणि आपली गॅरेज जेमतेम वीस फूट खोल. म्हणून ती भाड्याच्या यार्डात ठेवायची, महिन्याचं भाडं भरून. आम्हीही तेच केलं. यार्ड स्वच्छ होतं, लोक सभ्य होते, वर छप्परसुद्धा होतं. फक्त फाटक सकाळी सहाला उघडायचं.

जुलैमध्ये इथे सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. उन्हाळ्यात पाण्याच्या वर बास उसळी मारून घेतो तो पहिल्या तास-दीड तासात. त्यानंतर पारा चढायला लागतो आणि मासा खोल जातो. आता हिशेब करा. सहाला फाटक. ट्रेलर जोडणं, दिवे तपासणं, पट्टे आवळणं यात वीस मिनिटं. फोर्कपर्यंत दीड तास. रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, रांग. आम्ही पाण्यात उतरायचो तेव्हा पहिले लोक टोप्या सरळ करून सावलीच्या शोधात निघालेले असायचे. आदल्या संध्याकाळी बोट घरी आणावी, तर शुक्रवारी सहानंतरच्या ट्रॅफिकमध्ये पंचवीस फुटांचं धूड ओढत आणा, रात्री ड्राइव्हवेवर ठेवा आणि शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर विसंबून राहा.

दुसरी गोष्ट म्हणजे यार्डात वीज नव्हती. बोटीत चार्जर बसवलेला होता, तो भिंतीत खुपसायला भिंतच नव्हती. लेड अ‍ॅसिड किंवा एजीएम बॅटरी अर्धी वापरून तशीच आठवडाभर ठेवली की तिची ताकद हळूहळू जाते. आमच्या बॅटऱ्या त्यांच्या वयाच्या मानाने फार लवकर म्हाताऱ्या झाल्या, असं मला वाटतं. मोजून पाहिलेलं नाही. पण सकाळी अकराला ट्रोलिंग मोटर मंदावायला लागली की मोजायची गरज पडत नाही. लिथियम बॅटऱ्यांचं या बाबतीत बरं आहे, अर्धवट चार्ज राहिल्या तरी त्या रुसत नाहीत. वजनही निम्म्याहून कमी. पण भरायच्या तर त्यांनाही वीज लागतेच.

आणि जी बोट रोज डोळ्यांसमोर नसते तिची छोटी दुखणी कळत नाहीत. व्हेंटमध्ये गांधीलमाशीने केलेलं मातीचं घर, टायरमधली कमी झालेली हवा, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, साचलेलं पाणी, हे सगळं आम्हाला नेमकं निघायच्या सकाळी सापडायचं.

अ‍ॅल्युमिनियम गॅरेजमध्ये मावते. माझी जेमतेम मावते, ट्रेलरचा पुढचा दांडा बिजागरीवर बाजूला वळवून, मोटर पूर्ण खाली करून आणि थोडी एका बाजूला फिरवून. दरवाजा आणि प्रॉपेलर यांच्यामध्ये चार बोटं राहतात. बायकोची गाडी आत, माझी बाहेर, हा तह झालाय. संध्याकाळी चहा घेता घेता प्लग लावतो, पहाटे चारला कुणाची परवानगी न घेता निघतो. ओढायला मोठा ट्रक लागत नाही. भरलेली फायबरग्लास ट्रेलरसकट चार हजार पौंडांच्या वर सहज जाते. घरची गाडी व्ही-सिक्स हायलँडर असेल तर तिची मर्यादा पाच हजार पौंड, म्हणजे कागदावर बसतं, पण शेवाळलेल्या, उताराच्या रॅम्पवर चाकं घसरायला लागली की कागद आठवत नाही. माझी बोट ट्रेलरसकट त्याच्या निम्म्याला थोडी वर आहे. ओडिसी मिनीव्हॅनची मर्यादा साडेतीन हजार, तीसुद्धा ओढून नेते. कदाचित तुमच्याकडे ट्रक असेल, कदाचित तुमचं यार्ड चोवीस तास उघडं असेल आणि तिथे प्लगही असेल. मग माझं हे सगळं रडगाणं तुम्हाला लागू नाही.

वापरलेली घेत असाल तर तपासणी दोन्हींची वेगळी. जुन्या फायबरग्लासचा ट्रान्सम, म्हणजे जिथे मोटर टांगलेली असते ती मागची भिंत, आधी बघा. पूर्वी तिच्या आत प्लायवूड असायचं. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरलं की ते कुजतं आणि वरून काही दिसत नाही. मोटर थोडी उचलून ठेवा, खालच्या पात्याला धरून आपलं वजन टाका आणि कुणाला तरी ट्रान्समकडे बघायला सांगा. भिंत हलली किंवा बोल्टभोवती फट उघडली, तर नमस्कार करून घरी या. नव्या बोटींत लाकडाऐवजी कंपोझिट असतं, तिथे ही भीती फारशी नाही. अ‍ॅल्युमिनियममध्ये रिव्हेट मारलेली आहे की पूर्ण वेल्ड केलेली, ते बघा. रिव्हेट काही वर्षांनी सैल होऊन झिरपतात. शोधायची युक्ती सोपी : बोट ट्रेलरवरच असताना आत नळाने चार-सहा इंच पाणी सोडा आणि खाली आडवं होऊन बघा. बाहेर जिथे थेंब धरतो तिथे खडूने खूण करा. हे करू द्यायला विकणारा नाही म्हणाला तर त्याला उत्तर ठाऊक आहे असं समजा. ट्रेलरवर बोट ज्यांवर टेकते त्या लाकडी फळ्यांबद्दलही विचारा. बाहेरच्या कामासाठी औषध मारलेल्या लाकडात तांबं असतं, ते ओल्या अ‍ॅल्युमिनियमला खातं. माझ्या ट्रेलरच्या फळ्या आधीच्या मालकाने असल्याच लाकडाच्या बदलल्या होत्या, मी घेतल्या घेतल्या त्या काढून टाकल्या.

मोटरची तपासणी दोन्हींना सारखीच. गिअरकेसच्या (मोटरच्या प्रॉपेलरजवळच्या भागाच्या) खालचा स्क्रू सैल करून थोडं तेल काढा. ते चहात दूध पडल्यासारखं दिसलं तर सीलमधून पाणी आत गेलंय. बऱ्याचदा कारण फुटकळ असतं, प्रॉपेलरच्या शाफ्टला गुंडाळलेली फिशिंग लाइन सील कापते. म्हणून मी अधूनमधून प्रॉपेलर काढून बघतो, दहा मिनिटांचं काम आहे. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर दोन-तीन वर्षांनी बदलायचा, ट्रेलरच्या बेअरिंगना ग्रीस द्यायचं. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायचे : आठवडा आणि वर्ष. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. पेट्रोलमध्ये इथे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, बोट महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत स्टॅबिलायझर घाला. आणि तळ्यावरून निघताना लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी) आणि बिल्ज रिकामं करा. झेब्रा शिंपले पाण्याबरोबर दुसऱ्या तळ्यात पसरू नयेत म्हणून टेक्ससमध्ये तो कायदाच आहे.

समोरच्या पाण्याखालचं चित्र थेट दाखवणारा महागडा सोनार पहिल्या वर्षी नको, असं माझं मत. ते पैसे चांगल्या बॅटऱ्यांवर घाला. आणि किल स्विचची (चालक पडला की मोटर बंद करणारी) दोरी जॅकेटला अडकवा, तीही कायद्याने लागते.

तुम्हीही माझ्यासारखं गॅरेजवरच ठरवणार असाल, तर माहितीपत्रकातली लांबी वाचू नका. ती फक्त बोटीची असते, मोटर आणि ट्रेलर सोडून. दांडा वळवलेला, मोटर खाली केलेली, अशा अवस्थेतली एकूण लांबी विकणाऱ्याकडून लेखी मागा. घरी मोजताना वॉटर हीटर पुढे आलेला असेल तर तिथून मोजा. पैसे द्यायच्या आधी बोट एकदा पाण्यात चालवून बघाच. आणि टेक्ससमध्ये कागद तीन असतात : बोटीचं टायटल वेगळं, आउटबोर्ड मोटरचं वेगळं, ही दोन्ही पार्क्स अँड वाइल्डलाइफकडची, आणि ट्रेलरचा कागद काउंटीच्या टॅक्स ऑफिसातला. तिन्हींवरचे नंबर बोटीजवळ उभं राहून जुळवून बघा, मगच चेकवर सही करा.